मेंढ्याला केलेला नमस्कार

माझ्या उजव्या नडगीचं हाड एका इंग्रज मेंढ्यानं मोडलं. हे वाक्य मी आतापर्यंत किती जणांना ऐकवलं असेल, याचा हिशोब नाही. हाड केव्हाच सांधलं, पण वाक्य अजून तसंच करकरीत आहे. रामदासपेठेत ज्या डॉक्टरांनी प्लॅस्टर कापलं, त्यांना तर मी ते साभिनय ऐकवलं. मेंढा कसा चार पावलं मागं सरकला, हे दाखवताना त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लासही गेला.

पण ही गोष्ट माझ्या पायाची नाही. माझ्या धाकट्या नणंदेच्या मानेची आहे.

नणंद आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. लग्न केलं नाही, नोकरी केली. खाप्याला एकटी जाऊन कन्हानच्या काठची वांगी पिशवी भरून आणणारी, बसमध्ये कुणी धक्का दिला तर पुढच्या स्टॉपपर्यंत त्याचा उद्धार करणारी बाई. एका संध्याकाळी धरमपेठेतून भाजी घेऊन ती घरी येत होती. मागून मोटारसायकल आली. मागं बसलेल्या पोट्ट्यानं तिच्या गळ्यातल्या गोफाला हात घातला आणि हिसका दिला. गोफ तिच्या आईनं जुनं सोनं आटवून केलेला, चांगला जाड. तो लगेच तुटला नाही. तुटेपर्यंत नणंद रस्त्यावरून फरफटत गेली. हनुवटी सोलली, दोन्ही कोपरांची साल निघाली, गुडघ्यात खडी रुतली. टोमॅटो इतके फुटले होते की धावत आलेल्या लोकांना रक्त कुठलं आणि टोमॅटो कुठला हेच कळेना. मानेभोवती आधी लाल, मग काळा आणि शेवटी फिकट असा एक वळ राहिला. तो अजून आहे.

पोलिसांनी पुन्हा पुन्हा विचारलं, चेहरे कसे होते? ती एकच सांगत राहिली, "मागून आले जी. मले दिसलेच नाई."

त्यानंतर ती एकटी घराबाहेर पडली नाही. माझा नवरा तिला स्कूटरवर ऑफिसात सोडायचा, परत आणायचा. चालताना मागून कुठल्याही गाडीचा आवाज आला की ती भिंतीला चिकटायची. आणि आपल्या नागपुरात गाडीचा आवाज केव्हा येत नाही? वर्ष उलटलं, तरी तेच. गौरी-गणपतीच्या फराळाची चकली पाडताना ती मला म्हणाली, "वैनी, डिसेंबरनंतर मी नोकरी सोडून राहिली. दादानं कुठपर्यंत मले पोतं वाहिल्यासारखं वाहाव?"

मी कॉलेजात इतिहास शिकवते. मुंडकी उडवण्याचा भाग आला की शेजारच्या वर्गातली मुलं माझ्या वर्गात येऊन बसतात, अशी माझी ख्याती. मला उपाय सुचला तो इतका सोपा होता की मीच मला टाळी दिली. जिथं मोटारसायकली नाहीत तिथं हिला चालवायचं! इंग्लंडात शेतातून, कुरणांतून, गावामागून नुसत्या पायवाटा आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. आणि मध्ये मध्ये किल्ले, तुरुंग, फाशीचे माळ. तिच्यासाठी पायवाटा, माझ्यासाठी फाशीचे माळ.

नवरा म्हणाला, "पाठीवर बोचकं घेऊन? तुमी दोघी? चिखलदऱ्याले जा नं."

"चिखलदऱ्याला जीप असतात."

"आणि थंडी?"

"तिथं अजून हिवाळा लागलेला नसतो. शरद संपत असतो."

"थे तिथल्या थंडीले सांग," असं म्हणून तो स्वेटर शोधायला गेला.

दिवाळीची सुट्टी, दोन मोठ्या पाठपिशव्या, दोन चालायच्या काठ्या, उरलेला फराळ. अशा आम्ही निघालो. विमानतळावर उतरल्यापासून नणंदेनं माझ्या पिशवीचा लोंबता पट्टा मुठीत धरला तो धरलाच. मी पुढं, ती मागं. पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचं तरी पट्टा. मी मान वळवली की ती म्हणायची, "तू पाह्य नं समोर, मी हाय."

सुरुवात मी तटबंदीच्या एका जुन्या शहरापासून केली. कमानीखाली उभं राहून मी तिला दाखवलं, "या इथं वर भाल्यांवर बंडखोरांची मुंडकी लावायचे. डांबरात बुडवून. म्हणजे टिकतात." वरून झाडाचं एक तपकिरी ओलं पान सुटलं आणि तिच्या कपाळावर येऊन बसलं. ती अशी किंचाळली की समोरच्या केकवाल्यानं दार उघडून पाहिलं. पुढं खाटकांची गल्ली. दोन्ही बाजूंची घरं वरून एकमेकांकडे झुकलेली, खाली मधोमध पन्हळ. मी रंगात आले, "या पन्हळातून रक्त वाहायचं." मग तुरुंग. मग ज्या कोठडीत शेवटची रात्र काढायची ती कोठडी. मग भांडकुदळ बायकांच्या तोंडावर बसवायचा लोखंडी पिंजरा, जिभेवर दाबायच्या पात्यासकट.

तो पिंजरा तिनं बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "वैनी, आपण फिराले आलो का पोस्टमार्टमले?" आणि जरा थांबून, "हा मापाचा मिळते का? तुह्यासाठी नेला तं दादा खूश होईन."

मला वाटलं, चला, औषध लागू पडतंय.

मग आम्ही शहर सोडलं आणि शेतांत शिरलो. दगडावर दगड रचलेल्या बुटक्या भिंती, भिजून काळी झालेली झुडपं, घोट्यापर्यंत चिखल. सूर्य दुपारी चार वाजता आपलं काम आटोपून घरी जाणारा. दोनदा वाऱ्यानं आम्हाला आडवं केलं. एका रानात शिकारी बंदुकांचे बार काढत होते आणि गरगरत पडलेला एक तितर आमच्या पायांपाशी पाय झाडून मेला. नणंदेनं पट्टा सोडला नाही.

तिसऱ्या गावात पोचलो त्या संध्याकाळी गावभर गर्दी, हातात पेटते पलिते, काळं फासलेले चेहरे. एका म्हातारीच्या घरी आम्ही खोली घेतली होती. तिनं सांगितलं, चार शतकांपूर्वी राजाला सभागृहासकट उडवून द्यायला निघालेल्या माणसाचा पुतळा आम्ही आज जाळतो. दरवर्षी जाळतो. त्याच्याबरोबर ज्याचा ज्याचा राग आहे त्याचेही पुतळे.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकाच वेळी आमच्या तोंडून निघालं, "मारबत!"

नागपूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, काळी एक आणि पिवळी एक, अक्राळविक्राळ. सोबत गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचे पुतळे. जे काय छळत असेल ते ओरडून तिच्या पदरात घालायचं, "घेऊन जा गे मारबत!" आणि नेऊन जाळायचं. आमच्या गल्लीची त्यात आणखी एक रीत आहे. बडग्या दारावरून जाताना घरटी एकानं त्याला दणका द्यायचा. दणका दिला की घरची पीडा त्याला नीट चिकटते, नाही तर अर्धी घरातच राहते. आमच्या घरचा दणका कायम नणंदेचा. फक्त गोफ गेल्यापासून ती खालीच उतरली नव्हती.

मिरवणूक आली. ढोल, फटाके, धूर. हातगाड्यांवर पेंढ्यानं भरलेले पुतळे मांडी घालून बसवलेले, तोंडावर गोणपाट. मी तिच्या कानाशी लागले, "गाडी समोर आली आहे. घरचा दणका राहू द्यायचा?"

"लोकाईच्या गावात?"

"पीडा आपली आहे नं?"

एका हातात माझा पट्टा होताच. दुसऱ्या हातानं तिनं चालायची काठी उगारली आणि सगळ्यात जवळच्या पुतळ्याच्या खांद्यावर अशी हाणली की पेंढा उडाला. "मोटारसायकलवाले पोट्टे घेऊन जा गे मारबत!"

पुतळा ओरडला. उठून उभा राहिला. खांदा चोळत त्यानं तोंडावरचं गोणपाट काढलं. आत गुलाबी तोंडाचा, पांढऱ्या मिशांचा एक आजोबा. पुतळ्यांत दडून बसायचं आणि पोरं जवळ आली की अंगावर उडी घ्यायची, ही त्याची दरवर्षीची थट्टा. यंदा उडी घ्यायच्या आत हे झालं.

"माय वं!" नणंद माझ्या पाठीमागं. "मले वाटलं पेंढ्याचा हाय! वैनी, पोलीस बोलावते का थो?"

मी माझ्या कॉलेजच्या इंग्रजीत आजोबांना सगळं सांगितलं: पोळा, मारबत, बडगे, दणका. गोफाचंही सांगितलं. त्यांनी नणंदेच्या मानेकडे पाहिलं. मग टोपी काढून वाकून म्हणाले, इतक्या मनापासून मला आजवर कुणी मारलेलं नाही, बायकोनंसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. एका बाईनं तर पुढं येऊन आजोबांना स्वतःचाही एक दणका देऊन घेतला. खरा पुतळा पेटवला तेव्हा त्याच्या पोटातले फटाके फुटले, डोकं धाडकन उडून शेकोटीबाहेर पडलं आणि गावानं आनंदानं आरोळी ठोकली. मी सगळ्यांच्या वरच्या आवाजात ओरडले. काय सांगू, मला माझ्या उपायाचं इतकं कौतुक वाटलं की मी मनातल्या मनात घरी फोनही लावून टाकला.

सकाळी उठले. खिडकीतून समोर दिसत होतं ते दुकान. रस्ता ओलांडला की आलं. मी म्हटलं, "जा वं, दुधाची बाटली घेऊन ये."

ती दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेरून एक गाडी गेली. ती परत आली, पलंगावर बसली आणि बिनदुधाचा चहा प्यायली. मीही प्यायले. त्या दिवशी चालताना तिनं पट्टा इतका गच्च ओढला होता की माझा खांदा दुखून आला.

टेकडीवरच्या कुरणात शिरलो तेव्हा ऊन पडलं होतं. कुरणात मेंढ्या. आणि मी पाहिलं तर बऱ्याच मेंढ्यांच्या पाठीमागच्या बाजूला रंग! कुणाला लाल, कुणाला निळा. मधोमध उभा असलेला मेंढा तर छातीपासून पोटापर्यंत लालभडक, छातीवर चामडी पट्टे, पट्ट्यांना कसलीशी वडी बांधलेली.

आता पोळ्याला बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर रंगाचे ठसे मारलेले, छातीवर पट्टे बांधलेले बघत लहानाची मोठी झालेली बाई दुसरं काय समजेल? "अवं," मी ओरडले, "काल मारबत झाली, आज पोळा! उलटा क्रम आहे यांचा, पण पोळाच आहे!"

"वैनी, त्याचे डोये पाह्य. पोळ्याचा बैल असा नाई पाह्यत."

पण मी ऐकते कुणाचं? पिशवीतून शेवटचा अनारसा काढला. तळहातावर ठेवून मेंढ्यासमोर गेले. पोळ्याच्या बैलाला घास देऊन जसा करतात तसा वाकून, डोकं खाली घालून, नमस्कार केला.

मेंढ्यासमोर डोकं खाली घालून उभं राहणं याचा मेंढ्यांच्या जगात एकच अर्थ असतो, हे मला मागाहून कळलं.

तो चार पावलं मागं सरकला. मला वाटलं, लाजला. मग जमीन धडधडली. पहिला घाव मांडीवर बसला आणि मी अनारशासकट हवेत गेले. पडताना पाय दगडी भिंतीच्या खाली घरंगळलेल्या धोंड्यांत अडकला आणि तेवढ्यात दुसरी टक्कर आली. उसाचं कांडं मोडल्यासारखा आवाज झाला. मला आधी वाटलं, काठी मोडली. तो पुन्हा मागं सरकत होता. मी गुरासारखी ओरडत होते. नाकातोंडात चिखल, आणि तिसऱ्या वेळी तो डोकं फोडणार हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की नवऱ्याला ही बातमी कोण सांगेल, हेही ठरवून झालं.

तेवढ्यात माझ्या अंगावरून काहीतरी गेलं. नणंद. तिनं दोन्ही हातांनी काठी मेंढ्याच्या नाकावर हाणली. पुन्हा हाणली. तिच्या तोंडून त्या वेळी निघालेलं वऱ्हाडी मी इथं लिहू शकत नाही. त्यात त्याच्या आईपासून त्याच्या होणाऱ्या लेकरांपर्यंत सगळे आले. मेंढा थबकला, शिंकला आणि आपल्या रंगीत बायकांकडे निघून गेला.

मोबाइलला रेंज नव्हती. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. खाली, दोन कुरणांपलीकडे एका घराच्या धुराड्यातून धूर येत होता.

"तुला जावं लागेल," मी म्हटलं.

ती माझ्याजवळ बसली होती आणि तिनं पुन्हा पट्टा धरला होता. "मी नाई जात."

"मग दोघी बसू. चारला अंधार पडेल."

"कोणी येईन की."

"कोण? तो?" मी मेंढ्याकडे बोट दाखवलं. तो गवत सोडून आमच्याकडेच बघत होता.

"खाली गल्ली हाय वैनी. दोन्हीकून झाडाईची भिंत. मागून कोणी आलं तर पयाले जागा नाई."

मी कण्हत होते, आणि त्यात काडीचाही अभिनय नव्हता. ती माझ्या पायाकडे बघत राहिली. मग तिनं पट्टा सोडला. हाताला त्याचे वळ पडले होते. स्वतःचा कोट माझ्या अंगावर टाकला, मला ओढून भिंतीच्या आडोशाला केलं, काठी उचलली आणि म्हणाली, "गप पड. आणि कोनाले नमस्कार नको करू."

जांभळ्या स्वेटरातली ती बुटकी पाठ कुरण उतरत गेली. भिंतीवरच्या लाकडी पायऱ्यांशी थांबली. बराच वेळ थांबली. मग पलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली.

पुढचं मी पाहिलं नाही. पण दोन्ही पक्षांच्या साक्षी मी स्वतः घेतल्या आहेत, म्हणून सांगते. ती त्या अरुंद गल्लीतून निम्मी गेली होती आणि मागून इंजिनाचा आवाज आला. चार चाकांची, मोटारसायकलसारखी हँडल असलेली ती शेतातली गाडी. त्या घरचा शेतकरी मेंढ्या बघून परत येत होता. अशा वाटेवर त्याला कधी कुणी भेटत नसल्यामुळं तो जोरात येत होता. दोन्हीकडे काटेरी झुडपं. भिंतीला चिकटायचं तर भिंतच काट्यांची. तिचं म्हणणं, आवाज ऐकला तेव्हा तिच्या मानेवरचा वळ पेटल्यासारखा झाला आणि पाय पळायला निघाले होते. पण पळायचं कुठं? गाडी तर मागं होती. मग ती वळली. गल्लीच्या मधोमध उभी राहिली, काठी उगारली आणि गाडी ब्रेक लावून तिच्या पुढ्यात थांबते न थांबते तोच काठी खाली आणली. आरसा फुटला. दुसरा फटका त्या माणसाच्या दंडावर बसला. तिसरा बसायच्या आत तो गाडीवरून उडी मारून गाडीमागं लपला. सहा फुटी माणूस, खाली वाकून, दोन्ही हात वर.

मी भिंतीशी पडून मेंढ्यावर नजर ठेवून होते तेव्हा टेकडीवरून ती गाडी चढत आली. शेतकरी हँडलवर, मागं नणंद. एका हातात काठी, दुसऱ्या हातात त्याच्या कोटाची कॉलर. मला कळेना, आणलं कुणी कुणाला.

"तुमच्या मैत्रिणीनं माझा आरसा फोडला," तो मला म्हणाला. रागानं नव्हे. जरा भीतीनं.

मी भाषांतर केलं. नणंदेनं उत्तर दिलं, "मागून काहून आला मंग? समोरून येता येत नाई?"

तेही मी भाषांतर केलं. त्यानं विचार केला आणि माफी मागितली.

घरून फोन करून बोलावलेली मदत येईपर्यंत त्यानं माझ्या पायाला फळी बांधली. कळ विसरायला मी त्याला पोळ्याचं विचारलं. तो आधी गोंधळला, मग लाल झाला. शेवटी त्यानं सांगितलं, हा मेंढ्यांच्या जुगण्याचा हंगाम. मेंढ्याच्या छातीला रंगाची वडी बांधतात. ज्या मेंढीच्या पाठीवर रंग उमटला, तिचं काम झालं म्हणून समजायचं. काही दिवसांनी वडीचा रंग बदलतात.

हे ऐकून नणंद जी हसायला लागली ती चिखलात बसली. "पोळा नाई वैनी, मधुचंद्र होय! आणि तू मधात जाऊन नवरदेवाले अनारसा देऊन राहिली!" मीही हसले. हसताना नडगीतून अशी सणक गेली की मी हसता हसता रडले, आणि शेतकऱ्याला वाटलं, ह्या दोघींचं डोकं ठिकाणावर नाही.

मी व्हीलचेअरवर नागपुरात उतरले. प्लॅस्टरमुळं नवऱ्यानं माझा पलंग खिडकीशी लावला. नणंदेनं नोकरी सोडायचं काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही. एका संध्याकाळी ती खाली आली. हातात पिशवी आणि ती काठी. "धरमपेठेत जाते. वांगी आणू का?"

नवरा स्कूटरची किल्ली घ्यायला उठला. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बसला.

खिडकीतून मला आमची गल्ली शेवटपर्यंत दिसते. ती मधोमध चालत होती, घाईही नाही आणि रमतगमतही नाही. निम्म्यात पोचली आणि मागून मोटारसायकल आली. मी प्लॅस्टरसकट खिडकीकडे सरकले. नवरा उठून उभा राहिला होता.

ती थांबली. वळली. काठी टेकून गाडीकडे तोंड करून रस्त्यात उभी राहिली. गाडीवर शेजारचा कॉलेजात जाणारा पोट्टा होता. त्यानं करकचून ब्रेक मारला.

"काय झालं वं आत्या? गाडी काढू का?"

"काढ नं बे," ती म्हणाली, आमच्या खिडकीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात. "माह्या समोरून काढ. मले दिसू दे."

तो हळूच, तिला वळसा घालून गेला. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, तो कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत. मग वांगी आणायला गेली.